हिरवी रेघ

माझं काम रेघ ओढायचं.
लढाई कुणी जिंकली ते वरच्या मजल्यावर ठरतं.
मी खाली, पंख्याखाली,
नकाशा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
दोन डबे, एक पंच, एक कुलूप ठेवून
हिरव्या शाईनं सांगतो
की रणभूमी इथून सुरू होते
आणि इथं संपते.

शिवडीच्या कागदावर ती संपत होती
गुणाबाई केणींच्या मोरीत.
मोरी आत, चूल आत,
पडवी बाहेर, तुळस बाहेर.
फायलीवर शेरा आला : घर पूर्ण आत घ्यावे.
म्हणून मी टेप घेऊन गेलो.

तीन खण. काळ्या दगडाचं जोतं.
भिंतीत चुना, चुन्यात शिंपल्यांचा चुरा.
पाठीशी तेलाच्या टाक्या,
समोर ओहोटीचा चिखल, त्यात गुलाबी पक्षी
मान खाली घालून, जसं काही हरवलंय.

फाईल म्हणते, सिद्दीची माणसं उतरली त्या रात्री
कुणा अंमलदारानं याच घरात बसून पत्र लिहिलं.
पत्र सापडलंय.
दिव्यात तेल कुणाचं होतं, ते त्यात नाही.
मी विचारलं, तेव्हा तुमची माणसं कुठं होती?
"मिठावर. आनखी कुठं जातील?
बांधाआड निजली तीन रात्री.
आली तवा रांजण पालथा आन चूल फुटलेली."
जणू परवाचीच चूल.
मी वहीत लिहिलं : मौखिक. पुरावा नाही.
मग 'पुरावा नाही' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

खिडकीत लोखंडी गोळा होता, नारळाएवढा.
"हा?"
"गोला? बोंबील दाबायला. पानी बेस निघतं."
वजन सव्वापाच किलो, मी नोंदवलं,
वास नोंदवायला रकाना नव्हता.

भिंतीला कमरेपर्यंत लोणा चढलेला,
पांढरी, वाकडी रेघ,
दर पावसाळ्याला बोटभर वर सरकणारी.
तक्त्यात विचारतात : ऱ्हासाचे कारण?
मी लिहिलं, मीठ.
ज्या मिठानं हे घर बांधलं, तेच.

टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.
भिंत एकवीस इंच निघाली.
"एवढी जाड कशाला बांधली असंल?" त्याच म्हणाल्या,
आणि हसल्या.

मग नियम वाचून दाखवले.
कौल बदलायचं तर अर्ज,
रंग द्यायचा तर अर्ज, तीन प्रतींत,
खिळा ठोकायचा तर...
"खिल्याला पन?"
खिळ्यालापण.
"तोफेनं इचारलं व्हतं का?"

मला उत्तर आलं नाही. चहा आला.
कपाच्या कानाला खवलं चिकटलेलं होतं.

टेबलावर परतून मी रेघ सरकवली.
माझ्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर.
पडवीसाठी सहा मिलिमीटर,
तुळशीसाठी आणखी दोन,
आणि जिथं त्या सुकट पसरतात त्या ओट्यासाठी चार,
ते शेऱ्यात नव्हतं.
साहेब म्हणाले, रेघ इथं बाहेर कशी आली?
म्हटलं, टेप ओली होती.

तीन महिन्यांनी फलक लावायला गेलो.
निळा पत्रा, पांढरी अक्षरं,
अंमलदाराचं नाव, सन, दंडाची रक्कम.
कॅलेंडर गजाला सुतळीनं बांधलेलं,
वाऱ्यानं उलटं होऊन
मागची पाककृती दाखवत होतं.

फलकाला बोल्ट लागले चार.
ड्रिल सुरू झालं, चुना भुरभुरला,
एक शिंपला अख्खा बाहेर पडला.
गुणाबाई पडवीत बोंबील साफ करत होत्या.
वर न बघता
मोठ्यानं मोजत होत्या :
एक.
दोन.